पुन्हाबाईंच्या गुलाबी नळ्या

हॉस्पिटलच्या हजेरीपटावर पुन्हाबाईंचं खरं नाव असेलच, पण तळघरातल्या प्रयोगशाळेत ते कुणाच्या तोंडी नव्हतं. एकतीस वर्षं बाई एकच शब्द बोलत आल्या होत्या: "पुन्हा." रक्तातली साखर चारशे आली, पुन्हा करा. साखर नव्वद आली, तरीही पुन्हा करा, हा माणूस इतका गुणी कधीपासून झाला? यंत्र म्हणतंय बरोबर आहे, कागद म्हणतोय बरोबर आहे, वरचे डॉक्टर फोनवर खेकसतायत की अहो रिपोर्ट पाठवा, आणि बाई मात्र रक्ताची नळी तळघराच्या एकुलत्या खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, तिच्याशी जुनं भांडण असल्यासारख्या बघत उभ्या.

तुम्ही म्हणाल, काय कटकटी बाई आहे! होत्याच कटकटी. नाही कोण म्हणतंय? घरात तीन घड्याळं होती आणि तिन्हींवर विश्वास नव्हता. वेळ बघायची ती समोरच्या इमारतीवरच्या घड्याळात, आणि तेही जरा पुढेच असावं असा त्यांचा वहीम. दार लावून जिना उतरल्या की दुसऱ्या मजल्यावरून परत वर, कडी ओढून बघायला. नवरा बस चालवायचा, आता निवृत्त होऊन घरी बसलेला, स्वभावाने थंड. तो सांगायचा, "लग्नाला मी हो म्हटलं, तर हिने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून खात्री करून घेतली होती."

याचं मूळ कुठे होतं, ते घरच्यांना माहीत होतं. बाई चौदा वर्षांच्या असताना त्यांचे वडील दाढी करता करता कोसळले. गालावर अर्धा साबण तसाच. वय पन्नास. "हार्ट," असं सगळ्यांनी सांगितलं. "हार्ट म्हणजे नक्की काय झालं?" असं या पोरीने विचारलं, तेव्हा आत्याने डोळे वटारले होते. उत्तर कुणी दिलं नाही. त्या दिवसापासून बाईंना कुणी काही ठामपणे सांगितलं की आधी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

त्या आठीची चेष्टा करायची मुभा एकाच माणसाला होती, ती म्हणजे दादाला. थोरला भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, त्रेसष्ट वर्षांचा, उंच, लांबलचक हातांचा, दिवसभर शिडीवर. तो बहिणीला फौजदार म्हणायचा. "काय फौजदार, आज कुणाला पकडलंत?" असा फोन रोज दुपारी यायचा. दादाच्या किडन्या सहा वर्षांपासून अर्ध्यावर आल्या होत्या. दर तीन महिन्यांनी बाई स्वतः त्याचं रक्त घ्यायच्या, स्वतः तपासायच्या आणि अर्थातच पुन्हा तपासायच्या. किडन्यांच्या त्या एका आकड्यावर त्यांचा जीव टांगलेला असायचा.

आता बाईंची ही संशयाची खोड एकदा फार महागात पडली होती, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत लागोपाठ रिपोर्ट चुकायला लागले. बाईंचा संशय बसला शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यावर. चष्मेवाला म्हणजे बावीस वर्षं बरोबर काम केलेला सहकारी, जरा आळशी, डबा खाऊन पेंगणारा. सकाळी यंत्राची जी चाचणी घ्यायची असते ती न घेताच हा सही ठोकतो, असं बाईंनी लेखी दिलं. चष्मेवाल्याची चौकशी लागली, बदली झाली, त्याने वैतागून नोकरीच सोडली. आणि महिन्याभराने निघालं काय, तर यंत्राला जे पाणी जातं त्याची गाळणी फुटली होती. चष्मेवाल्याचा काडीचा दोष नव्हता. बाई त्याच्या घरी माफी मागायला गेल्या. त्याच्या बायकोने दाराच्या फटीतून पाहिलं आणि फट मिटली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मग बाईंना समोर बसवून सांगितलं, "बाई, शंका मनात हवी तेवढी ठेवा. तोंडातून काढायची असेल तर पुरावा घेऊन या." हे बाईंच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर नळ्यांवरचा संशय तसाच राहिला, पण माणसांपुढे त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

अशात एका नव्या चाचणीचा अभ्यास करणारे डॉक्टर आले.

छत्तिशीचे, चुणचुणीत, पायात आवाज न करणारे बूट. पहिल्याच दिवशी तळघरात उतरले आणि म्हणाले, "ताई, तुमच्याइतकं स्वच्छ रक्त या हॉस्पिटलात कुणी काढत नाही असं ऐकलंय. माझा सगळा अभ्यास तुमच्या हातावर आहे." झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एकतीस वर्षांत कुणी कौतुक केलं नव्हतं, आणि हा गोड बोलतोय. याला काय हवंय?

डॉक्टरांनी समजावलं मात्र छान. हृदयातून जी सगळ्यात मोठी धमनी निघते, महाधमनी, तिच्या भिंतीला थर असतात. कोटाला आतून अस्तर असतं ना, तसं. कधी कधी ते अस्तर फाटतं आणि रक्त दोन थरांच्या मधे घुसून धमनी उभी चिरत जातं. छातीत नाहीतर पाठीत भयंकर कळ येते. लोकांना वाटतं हार्ट अटॅक. डॉक्टरांनाही वाटतं. मग रक्त पातळ करायचं औषध दिलं जातं आणि होत्याचं नव्हतं होतं. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेने माणूस वाचतो, पण इथे दर तासाला धोका वाढतो. शिरेत डाय, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, टोचून स्कॅन काढला की सगळं दिसतं. पण छातीत दुखतंय म्हणून रोज शंभर माणसं येतात, स्कॅन कुणाकुणाचा काढणार?

"म्हणून रक्तात खूण शोधायची," डॉक्टर म्हणाले. "सध्या जी आहे ना, डी-डायमर, ती कशानेही वाढते. वय झालं, ताप आला, गरोदरपण असलं, वाढली. कमी असेल तर थोडा दिलासा मिळतो, पण जास्त आली तर हातात काही लागत नाही. ही नवी चाचणी बघा. धमनीची भिंत फाटली की त्यातला एक पदार्थ रक्तात सांडतो. हे छोटं यंत्र तो अर्ध्या तासात मोजतं. वीसच्या वर आकडा आला की फाटलेलं. वीसच्या खाली आला की निर्धास्त."

निर्धास्त! हा शब्द बाईंच्या कोशात नव्हता.

पहिल्या दोन महिन्यांत चाळीस जणांचं रक्त झालं. या चाळीसही जणांचा स्कॅन काढला होता, म्हणजे कुणाची धमनी फाटलेली आहे ते नक्की माहीत होतं. निकाल काय लागावा? फाटलेले सगळे वीसच्या वर, पन्नास, साठ, ऐंशी. न फाटलेले सगळे खाली, तीन, चार, सात. मधे एक नाही. डॉक्टर तो तक्ता बघून आनंदाने नाचायचेच बाकी होते. बाई तो तक्ता घेऊन खिडकीशी गेल्या. इतकं सरळ? माणसाच्या रक्तात? कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि इथे बाईंचं चुकलं. त्यांनी संशय घेतला तो डॉक्टरांवर. हा माणूस आकडे फिरवतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. यंत्र कुठल्याशा कंपनीने दिलेलं, डॉक्टरांना कुठल्याशा मोठ्या परिषदेत बोलायचं आहे, सगळं जुळत होतं. पण चष्मेवाल्याचं प्रकरण ताजं. उघड बोलायची सोय नाही. मग बाईंनी एक वही केली. यंत्रावर आकडा उमटला की आधी वहीत टिपायचा, नळीचं वर्णन शेजारी लिहायचं, आणि आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांच्या छापील कागदाशी ताडून बघायचं. डॉक्टर आले की वही मांडीखाली. तीन आठवडे हा उद्योग चालला होता. आकडा न् आकडा जुळला. डॉक्टर सज्जन निघाले! बाईंना चक्क वाईट वाटलं.

पण वहीत दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. चांगल्या नळीत ते पाणी फिकट सोनेरी असतं. पेशी फुटल्या असतील तर त्याला गुलाबी झाक येते. बाईंच्या वहीत मोठ्या आकड्यांच्या शेजारी, एका रांगेत, लिहिलेलं होतं: गुलाबी, फिकट गुलाबी, गुलाबी, जरा गुलाबी. आणि छोट्या आकड्यांच्या शेजारी: सोनेरी, सोनेरी, सोनेरी.

हे का, ते बाईंना कळायला वेळ लागला नाही. ज्यांची धमनी फाटलेली असायची ते स्ट्रेचरवर यायचे. वरच्या मजल्यावर आरडाओरडा, धावपळ, सलाइनच्या बारीक सुईतून कुणीतरी खसकन रक्त ओढायचं, नळीत जोराने सोडायचं, धावत खाली पाठवायचं. पेशी फुटणारच. आणि जे चालत यायचे ते तळघरात बाईंच्या खुर्चीवर बसायचे. बाई शीर चाचपणार, दोन गोष्टी बोलणार, हळूच सुई घालणार, रक्त आपणहून येऊ देणार. एक पेशी फुटायची नाही. आता तो जो काही पदार्थ, तो लाल पेशींतही असला तर? किंवा गुलाबी पाण्याने ते छोटं यंत्रच फसत असलं तर? मग हा आकडा धमनीची फाटणी मोजत नव्हताच. घाई मोजत होता.

बाईंनी वही मिटली. आणि तरीही बाई बोलल्या नाहीत.

पुरावा कुठे होता? डॉक्टर म्हणणार, ताई, योगायोग. प्रमुख म्हणणार, बाई, पुन्हा सुरू झालात का तुम्ही? निवृत्तीला पाच महिने राहिले होते. आणखी एक चष्मेवाला आपल्या नावावर नको. "अजून थोडं जमू दे वहीत," असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. दरम्यान डॉक्टरांना इतका विश्वास आला की त्यांनी पुढची पायरी घेतली: चालत येणाऱ्या, तब्येत बरी दिसणाऱ्या माणसाचा आकडा वीसच्या खाली आला, तर स्कॅन न काढता घरी पाठवायचं. बाईंनी ते फर्मान वाचलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही, यंत्र जरा बिघडलंय."

मंगळवारी सकाळी साडेदहाला वहिनीचा फोन आला. "वन्सं, आम्ही वरती कॅज्युअल्टीत आहोत. घाबरू नका. यांच्या पाठीत कळ आली, शिडीवर असताना. आता बरंय."

बाई दोन दोन पायऱ्या चढत वर गेल्या. दादा पलंगावर बसलेला, शर्टावर निळा रंग, चेहरा पांढराफटक पण ओठांवर हसू. "या फौजदार! काही नाही गं, खांद्यांच्या मधे कुणीतरी सुरा खुपसला असं झालं बघ. दहा मिनिटं. मग गेलं. उचकटलं असेल काहीतरी."

"सुरा खुपसला म्हणजे? एकदम? की हळूहळू वाढलं?"

"एकदम. आता तू जबाब घेणार का?"

हृदयाचा आलेख ठीक होता. हार्ट अटॅकची चाचणी ठीक होती. डी-डायमर वाढलेली, पण वय त्रेसष्ट आणि मागच्या आठवड्यात ताप येऊन गेलेला. त्याला काय अर्थ? अभ्यासाचे डॉक्टर स्वतः आले, दोन्ही हातांचं प्रेशर घेतलं; धमनी फाटली की त्यात बरेचदा फरक पडतो, पण दोन्हीकडे सारखं. "ताई, तुमचे बंधू? काळजी नको. किडन्या नाजूक आहेत, त्यामुळे डाय टोचून उगाच स्कॅन नको. आपली चाचणी करू. तुम्हीच घ्या रक्त."

बाईंनी घेतलं. शीर चाचपली, सुई हळूच घातली. एकतीस वर्षांचा हात होता तो. सुरेख रक्त आलं. खाली नेलं, फिरवलं, यंत्रात घातलं. अर्ध्या तासाने आकडा उमटला: तीन.

जीव भांड्यात पडला. खरं सांगते, त्या क्षणी पुन्हाबाईंना पुन्हा करायची इच्छा झाली नाही. तीन! वीस कुठे आणि तीन कुठे. तीनवर विश्वास ठेवावा, वर जावं, दादाला चहा पाजावा, वहिनीला रिक्षात बसवून द्यावं, बास. आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं ऐकावं की नाही माणसाने?

मग सवयीने त्यांनी नळी उजेडात धरली. सोनेरी. काचेसारखं स्वच्छ, कुठे गुलाबीचा मागमूस नाही.  हे तीन दादाच्या धमनीचे नव्हते. हे तीन त्यांच्या हाताचे होते.

त्यांनी वरती फोन लावला. "त्याला सोडू नका. तासभर थांबवा. मी येतेय." मग बाही सारली, दाताने पट्टा आवळला आणि स्वतःच्या शिरेत सुई घातली. एक नळी हळुवार भरली. दुसऱ्या वेळी बारीकातली बारीक सुई घेतली, खसकन ओढलं, नळीत जोराने सोडलं, परत ओढलं, परत सोडलं, वरून खडाखडा हलवलं. आसपासचे लोक बघत होते, बघू देत. पहिली नळी सोनेरी, दुसरी गुलाबी. नळ्या यंत्रात घातल्या आणि बाई घड्याळापुढे उभ्या राहिल्या. पहिलीचा आकडा आला चार. दुसरीचा एकसष्ट.

एकसष्ट म्हणजे यंत्राच्या मते बाईंची महाधमनी उभी फाटलेली होती, आणि बाई दोन्ही कागद घेऊन जिना चढत होत्या.

वर दादा बूट घालत होता.

"डॉक्टर, ही चाचणी खोटी आहे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "फुटलेलं रक्त असलं की आकडा चढतो. माझ्या खुर्चीवर बसलेल्या कुणाचाच चढणार नाही, धमनी फाटलेली असो नाहीतर नसो. हे बघा, दोन्ही रक्तं माझीच. याचा स्कॅन काढा."

डॉक्टरांनी कागद पाहिले. चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "ताई, हा एकाच माणसावरचा प्रयोग झाला. मी तपासून बघतो, शब्द देतो. पण यांचा स्कॅन? डाय दिला आणि किडन्या बसल्या तर? आयुष्यभर डायलिसिस. दुखणं थांबलंय, प्रेशर सारखं आहे..."

"आमचे वडील पन्नासाव्या वर्षी उभ्या उभ्या गेले. कशाने ते कुणी बघितलं नाही, आणि हे दुखणं घराण्यात चालत येऊ शकतं. हे तुम्ही विचारलंत का दादाला?"

डॉक्टर दादाचा केसपेपर चाळायला लागले. बोलली ती वहिनी. बिचारी सकाळपासून दाबून बसली होती. "वन्सं, पुरे करा! सगळ्यांचा संशय घेऊन झाला, आता बऱ्या झालेल्या माणसावर उठलात? त्या भल्या चष्मेवाल्याचं काय केलंत ते विसरलात? तुमच्या संशयासाठी माझ्या नवऱ्याच्या किडन्या घालवू का मी?"

 वहिनीचं खरं असू शकत होतं. सहा वर्षं ज्या किडन्या त्यांनी डोळ्यात तेल घालून जपल्या, त्या त्यांच्याच शब्दाने जाऊ शकत होत्या, आणि स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही तर? मग या घराचंही दार मिटलं. बाईंना रडू फुटलं, तिथेच, सगळ्यांसमोर. "असेल माझं चुकत," त्या म्हणाल्या. "चुकलं तर मी जन्मभर तुमच्या दारात उभी राहणार नाही, वहिनी. पण त्याला असा घरी नेऊ नका."

दादा एक बूट हातात घेऊन बहिणीकडे बघत होता. चौदा वर्षांची असतानाही ती अशी रडली नव्हती. त्याने घातलेला बूट काढला. "काढा स्कॅन," तो डॉक्टरांना म्हणाला. "नाहीतर ही रात्रभर माझ्या उशाशी बसून नाडी मोजेल. मला झोप नाही मिळायची."

स्कॅन काढला. डॉक्टर काचेच्या खोलीत पडद्यासमोर उभे होते, आणि बाईंना त्यांची पाठच दिसत होती. ती पाठ बघता बघता वाकली. हृदयाच्या अगदी तोंडापासून निघालेली चीर, मानेखालच्या वळणावरून खाली पाठीपर्यंत गेलेली. पुढच्या वीस मिनिटांत दादा शस्त्रक्रियेच्या खोलीत होता. दार बंद व्हायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "निळी पाटी अर्धी राहिलीय. गिऱ्हाइकाला सांगा."

सात तास लागले. वहिनी आणि बाई एकाच बाकावर बसल्या. पाचव्या तासाला वहिनीने बाईंचा हात धरला आणि सोडला नाही.

दादा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले. किडन्या दमल्या होत्या पण चालू होत्या. अतिदक्षता विभागातले लोक बाईंशी एकदम आदराने बोलायला लागले. प्रमुखांनी वर येऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, तुम्ही होतात म्हणून." बाईंनी मान हलवली. त्यांना ते कौतुक ऐकवत नव्हतं. काहीतरी टोचत होतं आणि ते काय, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्या तळघरात गेल्या आणि वही काढली.

डॉक्टर तिथेच बसले होते, दाढी वाढलेली, डोळे लाल. अभ्यास त्यांनी आदल्या दिवशीच थांबवला होता, वरती लेखी कळवलंही होतं. भला माणूस. बाईंनी वही त्यांच्यापुढे उघडली. "नवं फर्मान निघाल्यापासून माझ्या खुर्चीवर बसून, कमी आकडा घेऊन, स्कॅन न काढता घरी गेलेले. अकरा जण आहेत. फोन करायचेत."

दोघांनी मिळून फोन लावायला सुरुवात केली. शाळेतली शिक्षिका बरी होती, तिला म्हटलं आजच या, स्कॅन काढू. बेकरीवाला वैतागला, पण येतो म्हणाला. एका म्हातारबुवांना ऐकूच जाईना, नातीने निरोप घेतला. दहा जण झाले. प्रत्येक "हॅलो" ऐकला की डॉक्टर श्वास सोडायचे आणि बाई नावापुढे खूण करायच्या.

अकरावा एक सुतार होता. बाईंना तो आठवत होता, बोटाला पट्टी, आणि उठताना म्हणाला होता, "ताई, सुई घातलीत कधी? कळलंच नाही." फोन त्याच्या मुलीने उचलला.

"बाबा ना? बाबा गेले. मागच्या गुरुवारी." रडून रडून बसलेला आवाज होता. "कामावरून आले आणि पाठ धरून खाली बसले. आम्ही म्हटलं, चला हॉस्पिटलात. तर म्हणाले, आत्ताच तर तपासून आलोय, काही नाही म्हणालेत. खिशातला कागद काढून दाखवला आम्हाला. आकडा कमी आहे, बघा म्हणाले. कोण बोलतंय?"

डॉक्टरांनी फोन घ्यायला हात पुढे केला. बाईंनी दिला नाही. त्यांची नजर वहीवर होती. सुताराच्या नावापुढे तारीख होती. गुलाबी नळ्यांचा अर्थ ज्या दिवशी त्यांना उमगला, त्या दिवसाची ओळही तिथेच होती, दोन पानं आधी, बारा दिवस आधी.

"त्यांचं रक्त मी घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "तो आकडा खरा नव्हता, बाळा. मला आधीपासून शंका होती."

 मुलीने विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"